बाबालाल कंपौंडरांची कागदी माणसं

बाबालाल कंपौंडरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. कातडी लक्षात राहायची.

मी शाळामास्तर. एकदा भर बाजारात मी आमच्या हेडमास्तरांबरोबर उभा होतो. समोरून काळी टोपी घातलेला एक उंच, काटकुळा गृहस्थ आला आणि माझ्यापुढं येऊन थबकला. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं कानाला बांधलेली. अंगाला गंधकाचा वास. माझ्या तोंडाकडं न बघता त्यानं माझा डावा हात उचलला, कोपर उजेडाकडं फिरवलं आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तुम्ही त्यो डाव्या कोपराचा नायटा न्हवं काय?"

मी घाईघाईनं बाही खाली ओढली.

"नाव इसरलो," ते म्हणाले, "पर नायटा ध्यानात हाय. बत्ताशाएवढा होता. गेला की ओ! झकास!"

आणि स्वतःचं लेकरू पास झाल्यासारखे खूश होऊन निघून गेले. त्या दिवसापासून हेडमास्तर हजेरीचं पुस्तक माझ्या हातून घेत नसत. "टेबलावर ठेवा," म्हणत.

कोल्हापूर दरबारच्या एका दवाखान्यात ते कंपौंडर होते. महाराजांना गादीवर येऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. ताप, खोकला, मोडलेलं हाड या गोष्टी बाबालालभाईंच्या लेखी सामान्य होत्या. कुणी पोट धरून आला की ते औषध देत, पण मन नसे. खाजवत आला की मात्र उठून उभे राहत, बाकावरची धूळ झाडत आणि खिशातलं भिंग काढत. मग त्यांचे तीन प्रश्न सुरू व्हायचे. "कवापासनं? पैला कुठं? घरात आणखी कुणाला?" हे तीन प्रश्न त्यांच्या जिभेवर इतके बसले होते, की माझा एक मित्र लग्न ठरल्याचं सांगायला गेला, तर त्यालाही त्यांनी "कवापासनं? घरात आणखी कुणाचं?" असं विचारलं आणि त्याचा अंगठा उलटा करून भेग बघितली.

दसऱ्याच्या स्वारीला सारं कोल्हापूर रस्त्यात उभं असायचं. हत्ती, घोडे, भालदार, चोपदार, अंबारी. लोक टाचा उंचावून बघायचे. बाबालालभाईही बघायचे. स्वारी गेल्यावर मी विचारलं, "काय थाट होता, नाही?"

"व्हय," ते म्हणाले. "पर हत्तीच्या कानामागं काय झालंय ते बघितलासा काय? माहुताला सांगाय पाहिजे."

आणि ते खरंच हत्तीमागं गेले.

त्यांच्या हट्टाचा पहिला प्रसाद गावातल्या एका तालमीला मिळाला. तिथल्या एका पैलवानाला नायटा झाला होता. औषधानं जायचा, महिन्याभरात पुन्हा यायचा. बाबालालभाई एक दिवस तालमीत जाऊन बसले. कुस्ती बघितली नाही. दोरीवर वाळणारे लंगोट बघितले. कोण कुणाचा ओढतो, कोण कुणाच्या पंचानं अंग पुसतो, हे बघितलं. संध्याकाळी वस्तादांना म्हणाले, "नायटा ह्या गड्याला न्हाय झालेला. तालमीला झालाय."

वस्ताद भडकले. "तालमीला नायटा? डोकं फिरलंय काय कंपौंडर?"

"एकाला औषध दिलं तर त्यो दुसऱ्याकडनं परत घेतोय. समद्यांना एका दिवशी लावायचं. आणि लंगोट उकळायचं."

लंगोट उकळायला एवढं मोठं भांडं कुठलं? बाबालालभाईंनी गडमुडशिंगीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून गुळाची जुनी काहील बैलगाडीत घालून आणली. तालमीच्या अंगणात चुलाण पेटवलं आणि सगळ्या पैलवानांचे लंगोट, पंचे, सगळं काहिलीत. स्वतः हातात लाकूड घेऊन ढवळत होते. भोवती उघडेबंब पैलवान नायट्यावरच्या औषधाचा, गोवा पावडरीचा, लेप लावून उभे. त्या लेपानं कातडी जांभळट तपकिरी होते. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "काय शिजलंय?" बाबालालभाई गंभीरपणे सांगायचे, "नायटा."

दोन महिन्यांनी तालमीत नायटा औषधालाही उरला नाही. वस्तादांनी त्यांना फेटा बांधला. ते फेट्याच्या कापडाला बोटानं चोळत म्हणाले, "रंग कच्चा हाय. कपाळाला पुरळ येईल."

पण गाव ज्यामुळं त्यांना थोडं वचकून असायचं, ती गोष्ट निराळीच होती. त्यांची कागदी माणसं.

पतंगाचा पातळ कागद आणून ते माणसाची आकृती कापायचे. हात, पाय, मान, सगळं. एक पुढून, एक मागून. कातडीचा रोगी आला की त्याच्या नावाची आकृती कापून तिच्यावर रोगाच्या जागी ठिपके द्यायचे. लाली असेल तर कुंकू, पू असेल तर हळद, खपली असेल तर शाई. मग ती माणसं दोरीवर टाचून ठेवायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत वाऱ्यावर अशी पाच-पन्नास माणसं हलत असत. कुंकू लावलेल्या माणसाच्या आकृत्या! गावात बोलवा उठली की कंपौंडर करणी करतो. आमच्या आईनं मला ताकीदच दिली होती, "नायटा राहू दे अंगावर, पण त्या माणसाला तुझं नाव सांगू नकोस."

ते सांगायचे, "औषधं पुस्तकात हायत, मास्तर. रोग पुस्तकात न्हाय. रोग माणसावर हाय. आधी बघायचं, मग लावायचं."

हे सगळं मी हसून सांगत असे. माझ्या थोरल्या बहिणीवर, अक्कावर, वेळ आली तोवर.

अक्काचं सासर गावातच, दोन पेठा पलीकडं. चांगलं खातंपितं घर. लग्नानंतर वर्षभरात तिच्या मानेवर मागच्या बाजूला खाज सुटली. मग कमरेला. आधी लाल पुरळ, मग पाणी, मग खपली. पंचमीला माहेरी आली, आठ-दहा दिवसांत सगळं कमी झालं. सासरी गेली, पुन्हा उठलं. दिवाळीला आली, बसलं. गेली, उठलं. नातेवाईक म्हणू लागले, पोरीला सासर बाधतंय. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांना ते आवडलं नाही, हे सांगायला नकोच.

असं तीन वर्षं चाललं. मध्ये मुलगी झाली, चंपू. पुरळ जाऊन येऊन त्या जागांवर पांढुरके डाग पडले. मग एका वैद्यानं उंबऱ्याबाहेरूनच बघितलं आणि तो एक शब्द उच्चारला. महारोग.

दुसऱ्या दिवशी दारात टांगा उभा राहिला. ट्रंक आणि अक्का. दोन वर्षांची चंपू सासरीच ठेवून घेतली होती. भावोजी आले नव्हते. त्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघायची बोलणी सुरू झाल्याचं आठवड्यात कानावर आलं.

अक्का मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायची. कुणाला शिवायची नाही. आईनं पुढं केलेलं ताट आई मागं सरल्यावरच ओढायची. एकदा मला म्हणाली, "चंपूला झोपताना माझं बोट लागतं रे हातात. आता कुणाचं धरत असेल?"

मी त्याच पावली दवाखान्यात गेलो.

बाबालालभाईंनी ऐकून घेतलं. नेहमीचे तीन प्रश्नसुद्धा विचारले नाहीत. खुंटीवरची टोपी घातली, कपाटातून एक मोरपीस घेतलं आणि म्हणाले, "चला."

आमच्या घरी त्यांनी अक्काला पाटावर बसवलं. आई दाराशी पदर तोंडावर धरून उभी. ते म्हणाले, "अक्का, डोळं मिटा. अंगाला काय लागलं की 'कळलं' म्हणायचं. एवढंच."

मानेवरच्या एका डागावर त्यांनी पिसाचं टोक हलकेच फिरवलं.

"कळलं," अक्का म्हणाली.

दुसऱ्या डागावर.

"कळलं."

तिसऱ्या डागावर त्यांनी पीस जरा रेंगाळवलं आणि अक्कानं एकदम खांदे आखडून घेतले. "अहो पुरे! गुदगुल्या होतात!" आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

बाबालालभाई उठून उभे राहिले. डोळे पाण्यानं भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "ज्या डागाला गुदगुल्या कळत्यात त्यो डाग महारोगाचा न्हवं! आई, हिला ते न्हाय. खुशाल जवळ घ्या."

आईनं तिथंच अक्काला मिठी मारली. मी विचारलं, "मग हे आहे तरी काय?"

"ते मला ठावं न्हाय," ते म्हणाले. "पर शोधतो."

लगेच खिशातून पतंगाचा कागद आणि कात्री निघाली. कमरेवरचं पुरळ त्यांनी स्वतः बघितलं नाही. कागद आईच्या हातात देऊन म्हणाले, "तुम्ही आत नेऊन बघा आणि जिथल्या तिथं ठिपका द्या." ज्या आईनं मला नाव सांगायची बंदी केली होती, तिनं स्वतःच्या करंड्यातलं कुंकू घेऊन आपल्या लेकीच्या कागदी कमरेवर ठिपके दिले. वर विचारलं, "आणखी काही भरायचंय का?"

सासर बाधतंय, हे लोकांचं बोलणं बाबालालभाईंनी अक्षरशः खरं धरलं. "मग सासरात काय हाय जे हितं न्हाय?" त्यांनी यादी केली. पाणी? एकाच तळ्याचं. तेल? एकाच घाण्याचं. साबण, उटणं, अंथरूण, सगळ्यावर काट मारली. शेवटी मी हळूच म्हणालो, "सासू?"

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "सासू मानेला घासत न्हाय," म्हणाले आणि तिच्यावरही काट मारली.

आठ दिवस ते मागच्या खोलीत कागदी माणसं काढत-घालत होते. एका सकाळी मला बोलावणं आलं. खिडकीच्या काचेवर त्यांनी तीन कागद एकावर एक धरले होते. एक अक्काचा, एक कचेरीतल्या कारकुनाचा, एक बँडमध्ये शिंग वाजवणाऱ्या गड्याचा. पाठीमागून ऊन येत होतं. तिन्ही माणसं एकच झाली होती आणि तिघांचा मानेमागचा ठिपका एकाच जागी गडद झाला होता.

"बाईमाणूस, कारकून आणि शिंगवाला. तिघांचं खाणं येगळं, काम येगळं, पेठ येगळी," ते पुटपुटले. "मग हितंच का? हितं काय लागतंय?"

त्यानंतरचे चार दिवस कोल्हापूरच्या लोकांनी बरंच सोसलं. कंपौंडर रस्त्यात लोकांच्या मागून जायचे आणि बोलता बोलता कॉलर उलटी करायचे. कचेरीसमोर एका वकिलाला वाटलं, आपली पगडीच कुणी उचलतोय. त्यानं छत्री उगारली. बाबालालभाई त्या छत्रीखालूनच ओरडले, "हलू नगा! हाय! हितं बी हाय!"

वकिलाच्या कॉलरच्या आत तीन काळे ठिपके होते. परटाची खूण. कारकुनाच्या आणि शिंगवाल्याच्या कॉलरलाही त्याच जागी अशीच खूण निघाली होती.

ते धावत आमच्या घरी आले. "अक्काची सासरची पोलकी काढा!" ट्रंक उघडली. माहेरी आली की अक्का नेहमी आईची जुनी लुगडी-पोलकी वापरायची. ती आई घरीच धूत असे. सासरचे कपडे मात्र परटाकडं जायचे. पोलक्याच्या गळ्याला आतून, मानेला लागेल तिथं, तीन काळे ठिपके. लुगड्याचं जे टोक कमरेला खोचायचं त्याच्यावरही तीन ठिपके.

"परीट खूण कशानं करतो?" त्यांनी विचारलं.

"बिब्ब्यानं," आई म्हणाली. "धुऊन जात नाही म्हणून."

"अक्काला लहानपणी कवा बिब्बा उतलता काय?"

आईनं कपाळाला हात लावला. अक्का नऊ वर्षांची असताना तिच्या पायात काटा मोडला होता. शेजारणीनं गरम बिब्ब्याचा चटका दिला आणि तो असा उतला, की पाय गुडघ्यापर्यंत भोपळ्यासारखा सुजला. पंधरा दिवस पोर अंथरुणाला होती. बिब्बा उततो हे आमच्याकडं कुणाला ठाऊक नाही? पण कपड्याच्या आतल्या बाजूचे तीन वाळलेले ठिपके तेच काम करतील, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आता बोलून भागायचं न्हाय. दाखवाय पाहिजे," बाबालालभाई म्हणाले. त्यांनी खुणेचे तुकडे कापले. एक स्वतःच्या हाताला बांधला, एक माझ्या. मग अक्काकडं बघून अडखळले. "तुम्हाला तरास हुईल."

"बांधा," अक्का म्हणाली. "आणखी काय व्हायचं राहिलंय?"

तिच्या एका हाताला खुणेचा तुकडा बांधला, दुसऱ्या हाताला त्याच पोलक्याचा बिनखुणेचा. तिसऱ्या दिवशी सोडलं. माझा आणि त्यांचा हात कोरा. अक्काच्या एका हातावर काही नाही. दुसऱ्यावर, खुणेच्या तुकड्याखाली, लालभडक पुरळ आणि बारीक फोड. अक्का ते फोड बघून रडली. आनंदानं.

मी तर पेठेतल्या चार लोकांना घेऊन, वाजतगाजत तिच्या सासरी जायला निघालो होतो. बाबालालभाईंनी माझा दंड धरला. "चारचौघं नगंत. आपण तिघंच. दार लावून बोलायचं." नायटे रस्त्यात ओरडून ओळखणारा हा माणूस त्या दिवशी आवाज खाली ठेवून बोलत होता.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं. सासूबाईंनी मात्र नेमकं विचारलं, "खूण माझ्याही लुगड्यावर आहे. मग मला का नाही उतलं?"

"काकी, माझ्या बी हाताला उतलं न्हाय," म्हणत बाबालालभाईंनी आपला हात पुढं केला. "हिच्या अंगानं लहानपणी एकदा बिब्ब्याचा मार खाल्लाय. ते अंग आता इसरत न्हाय. तुमचं सासर न्हाय बाधलं हिला. तुमचा परीट बाधलाय." मग त्यांनी मोरपीस सासूबाईंच्या हातात दिलं. "माझ्यावर इश्वास ठेवू नगा. तुम्ही फिरवा. महारोगाचा डाग असंल तर तिला कळणार न्हाय."

सासूबाईंनी लांबूनच, हात ताणून, सुनेच्या मानेवर पीस फिरवलं. "कळलं," अक्का म्हणाली. पुन्हा फिरवलं. "कळलं, आई." आतल्या खोलीत आईचा आवाज ऐकून चंपू धडपडत बाहेर आली आणि अक्काच्या मांडीत शिरली. तिला मागं ओढायला कुणीच उठलं नाही. सासूबाईंनी पीस बाबालालभाईंना परत दिलं. मग भिंतीशी उभ्या असलेल्या भावोजींना म्हणाल्या, "उद्या त्या परटाला बोलाव."

परटाला बोलावून बिब्ब्याऐवजी दोऱ्यानं खूण करायला सांगितलं, तर तो आणखी तिखट. "दोऱ्यानं खुणा कराय मी काय शिंपी हाय?" बाबालालभाई स्वतः सुईत लाल दोरा ओवून घाटावर जाऊन बसले. त्यांचे वेडेवाकडे टाके बघून परटाला हसू आवरेना. "द्या हिकडं," म्हणून त्यानं सुई हिसकावून घेतली. ज्यांना बिब्बा सोसत नाही त्यांच्या कपड्यांवर तेव्हापासून लाल टाका पडू लागला. कारकून बरा झाला. शिंगवाला बरा झाला. कित्येक वर्षं उपास, नवस आणि जुलाब सोसलेली माणसं एका टाक्यानं बरी झाली. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनीही दोन गोष्टी पक्क्या करून टाकल्या. मानेला किंवा कमरेला पुरळ असलेला रोगी आला की आधी त्याचा कपडा उलटा करून बघायचा, आणि कुणाच्याही डागाला, पीस फिरवल्याशिवाय, नाव द्यायचं नाही.

त्या दिवाळीत अक्कानं सासरी स्वतःच्या हातानं करंज्या केल्या. डबा भरून मला म्हणाली, "त्यांच्या घरी नेऊन दे. दवाखान्यात नको. घरी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाबालालभाईंचं घर मी कधी बघितलंच नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. लग्न केलेलं नाही, एकटे राहतात, एवढं ठाऊक होतं. विचारत विचारत भर दुपारी रंकाळ्याच्या वाटेवर, वस्ती संपते तिथं, एका कौलारू घराशी पोचलो. दार लोटलेलं होतं. मी हाक मारून ढकललं.

घोंगडीवर एक म्हातारा बसला होता. नाक बसलेलं, हातांना बोटं नव्हती. बाबालालभाई त्याच्यापुढं मांडी घालून दुधात भाकरी कुस्करून घास भरवत होते. शेजारी महारोगावर लावायच्या कडू कवठीच्या तेलाची बाटली आणि धुतलेल्या पट्ट्यांची चवड. मला बघून ते दचकले. इतक्या दिवसांत त्यांना दचकलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"हे कोण?" मी विचारलं.

"पावणं हायत."

"कधी आले?"

त्यांनी जरा हिशेब केला. "अकरा वर्षं झाली की."

म्हातारा घास चावता चावता हसला. बाबालालभाई उठून माझ्याबरोबर ओट्यावर आले आणि दार ओढून घेतलं.

"नवीनच नोकरीला लागलतो," ते हळू म्हणाले. "देवी टोचायला एका गावाला गेलतो. बाजाराचा दिवस. ह्याच्या गालावर डाग बघितला. टाचणी लावली, ह्याला कळंना. पुन्ना लावली, कळंना. मास्तर, मला लई आनंद झाला. पुस्तकात होतं तसंच्या तसं निघालं! मी मोठ्यानं बोललो. समद्या बाजारात."

त्यांनी ओढून घेतलेल्या दाराकडं बघितलं.

"खोटं न्हवतं ते. बरोबरच होतं. तिसऱ्या महिन्यात परत गेलतो तवा हा वड्याकाठी करंजाच्या झाडाखाली होता. बायको न्हाय, पोरं न्हाईत, भांडं बी न्हाय. मला बघून म्हणाला, 'डागदर, आलासा व्हय, बरं झालं.' शिवी बी दिली न्हाय."

"मग?"

"मग काय. घेऊन आलो."

आतून हाक आली, "आरं, माणसाला बाहीर का उभं केलंयस? आत बसीव की. घर आपलंच हाय."

आम्ही आत गेलो. बाबालालभाई पट्ट्या बदलायला बसले. त्यांचे दोन्ही हात तेलानं माखले. मी डबा उघडला. म्हाताऱ्यानं वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी एक करंजी मोडली आणि अर्धी त्याच्या तोंडात दिली. तो डोळे मिटून सावकाश चघळत राहिला.

"ओलं खोबरं हाय वाटतं," तो म्हणाला. "आमच्या घरात सुकं घालायची."

मी उरलेली अर्धी त्याच्या तोंडाशी नेली.